फळ्यावर न मावलेली ओळ

साताऱ्यातल्या एका हायस्कुलात मी बारा वर्षं फळ्यावर सुविचार लिहिला. मराठीचा शिक्षक, अक्षर बरं, आणि पहाटे फिरून तसाच शाळेत लवकर पोचणारा, त्यामुळे हे काम माझ्या गळ्यात पडलं आणि निवृत्तीपर्यंत तिथंच राहिलं. दर्शनी फळा व्हरांड्यात होता. उजव्या कोपऱ्यात पट आणि हजर, डाव्या कोपऱ्यात ऑइलपेंटनं आखलेली चौकट, वर 'आजचा सुविचार'. खडू पाण्यात बुडवून लिहिलं की आधी अक्षर दिसतच नाही, मग वाळत जाईल तसं पांढरंशुभ्र उमटतं. मुलं परिपाठाला रांगेत उभी राहीपर्यंत ओळ वाळलेली असायची. चौकटीत दोन ओळी मावायच्या, बारीक लिहिलं तर अडीच. मुलांनी कोणता विचार वाचायचा, हे बारा वर्षं त्या चौकटीनंच ठरवलं.

एका सोमवारी मी लिहिलं, 'जगी सर्व सूखी असा कोण आहे, विचारें मना तूंचि शोधूनि पाहें'. आठवीतली एक मुलगी वर्गात जाता जाता थांबली. "सर, फुडचं काय वो? आमची आज्जी म्हणती त्यात आजून हाय."

होतंच. मनाच्या श्लोकांतला हा अकरावा श्लोक, आणि त्याचा उरलेला भाग असा: 'मना त्वांचि रे पूर्वसंचीत केले, तयासारिखे भोगणे प्राप्त झाले'. पूर्वसंचित मानायचं की नाही, ज्याचं त्यानं ठरवावं. पण समर्थांचा रोख बघा. फळ्यावर मी लिहिलं होतं ते सांत्वन, की बाबा कुणीच सुखी नाही, तूही नाहीस, चालायचंच. आज्जीपाशी होता तो हिशेब: तुझ्या वाट्याला जे आलंय त्यात तुझाही हात आहे. चौकटीत न मावल्यामुळे नेमका हिशेबच बाहेर राहिला होता.

तेव्हापासून मी प्रत्येक ओळीची पुढची ओळ शोधायला लागलो आणि एक गोष्ट वारंवार दिसली. गाळलेली ओळ बहुधा आपल्याला कामाला लावणारी असते. गोड तेवढी घरोघर पोचते.

आता निवृत्तीनंतर अधूनमधून कुणीतरी विचारतं, "सर, रोज इतके सुविचार वाचतो, दोन मिनिटं बरं वाटतं, पुढं काही होत नाही." त्यांना जे तोंडी सांगतो तेच इथं क्रमानं लिहितोय. ज्यांना सुरुवात करायची आहे त्यांनी पहिली तीन कामं तरी याच क्रमानं करावीत.

पहिलं काम: मोबाईल आवरा

सकाळी सहा ते आठ या वेळात गुलाबाचं फूल, वाफाळता चहा, उगवता सूर्य आणि त्यावर एक ओळ अशी पंधरा-वीस चित्रं येतात. ती वाचून होत नाहीत, फक्त सरकवून होतात. ग्रुप सोडायची गरज नाही, नातेवाईक रुसतात. ते ग्रुप म्यूट करा, चित्रं आपोआप डाउनलोड होणं बंद करा आणि आठवड्याला एकच वाक्य हातात घ्यायचं असं ठरवा. रोज नवीन सुविचार ही शाळेची गरज होती, कारण दर्शनी फळा शिळा दिसून चालत नाही. घराला ती सक्ती नाही.

दुसरं काम: आधी दुखणं लिहा

औषधाच्या दुकानात जाऊन कुणी "एखादी चांगली गोळी द्या" म्हणत नाही. सुविचाराच्या बाबतीत मात्र आपण तेच करतो. आपल्या म्हणी एकमेकींच्या उलट बोलतात हे तुम्हीही पाहिलं असेल. 'शुभस्य शीघ्रम्' आणि 'उतावळा नवरा गुडघ्याला बाशिंग' एकाच घरात सुखानं नांदतात. दोन्ही खऱ्या आहेत, फक्त रोगी वेगळे. टाळाटाळ करणाऱ्याला पहिली द्यायची, घाईघाईनं कर्ज काढून गाडी घेणाऱ्याला दुसरी. उलटं झालं की सुविचारानंच माणूस बुडतो.

म्हणून एका कागदावर आपली अडचण एका वाक्यात लिहा, तीही बोलीत. 'आयुष्यात निराशा आहे' असं नको. 'पोराला अभ्यासाला बसवलं की दहा मिनिटांत माझा आवाज चढतो' असं. 'परीक्षेच्या तयारीला अभ्यासिकेत जातो पण पहिला तास चहाच्या टपरीवर जातो' असं. इतकं नेमकं लिहिलं की कोणतं वाक्य चालेल हे निम्मं तिथंच ठरतं.

तिसरं काम: पुढची ओळ शोधा

सगळ्यात जास्त वेळ इथं घाला. सुविचाराचा खरा मालमसाला इथंच आहे.

तुकोबांचं 'असाध्य ते साध्य करिता सायास, कारण अभ्यास तुका म्हणे' कुठल्याही क्लासच्या बोर्डावर सापडेल. 'अभ्यास' हा शब्द दिसला की आपल्याला वही-पुस्तक आठवतं. पण हा त्या अभंगाचा शेवट आहे. त्याआधी काय येतं ते वाचा: 'साधूनि बचनाग खाती तोळा तोळा, आणिकांतें डोळां न पाहवे. साधूनी भुजंग धरितील हातीं, आणिकें कांपती देखोनियां'. बचनाग म्हणजे जहरी मुळी. सराव केलेली माणसं ती तोळा तोळा खातात, इतरांना ते बघवतही नाही. सरावलेले लोक साप हातात धरतात, बाकीचे नुसतं बघून थरथरतात. सांगली जिल्ह्यातल्या बत्तीस शिराळ्याची नागपंचमी ज्यांनी बंदी येण्यापूर्वी पाहिली असेल, त्यांना ही ओळ समजावून सांगावी लागणार नाही. तुकोबांचा अभ्यास म्हणजे सराव. भीती वाटते ती वस्तू रोज थोडी थोडी हाताळणं. (बचनागावर सराव करू नये, हे शिक्षक असल्यामुळे सांगून ठेवतो.) हे कळल्यावर ते वाक्य फक्त विद्यार्थ्यांचं राहत नाही. चारचौघांत बोलायला घाबरणाऱ्या माणसाचंही होतं, आणि नवरा गेल्यावर पहिल्यांदा बँकेत स्लिप भरणाऱ्या बाईचंही.

गीतेतलं 'कर्मण्येवाधिकारस्ते मा फलेषु कदाचन' घ्या. दुसऱ्या अध्यायातला सत्तेचाळिसावा श्लोक. फळाची आशा धरू नको, एवढंच लोक सांगतात, आणि बऱ्याचदा पगार न वाढवणारे लोक सांगतात. श्लोकाचा शेवटचा तुकडा आहे 'मा ते सङ्गोऽस्त्वकर्मणि', म्हणजे काम न करण्याचीही ओढ तुला लागू नये. आळशालाही त्यात चपराक आहे, पण तो तुकडा भिंतीवर सहसा नसतो.

जोतीराव फुल्यांची ओळ तर आपल्या जिल्ह्याच्या जवळची. फुल्यांचं मूळ गाव कटगुण, खटाव तालुका. 'विद्येविना मति गेली, मतिविना नीति गेली' इथपर्यंत शाळांच्या भिंतींवर असतं. 1883 साली लिहून झालेल्या 'शेतकऱ्याचा असूड'मध्ये ती साखळी पुढं जाते: नीतिविना गति गेली, गतिविना वित्त गेले, वित्ताविना शूद्र खचले, इतके अनर्थ एका अविद्येने केले. कोण खचलं ते फुल्यांनी स्पष्ट लिहिलंय. ते गाळलं की एका माणसाचा आक्रोश 'शिक्षणाचे महत्त्व' या निबंधाची सुरुवात होऊन बसतो. मीही कित्येक वर्षं पहिल्या दोनच ओळी लिहिल्या. चौकट लहान होती ही सबब खरी, पण पुरेशी नाही.

कधी ओळ गाळलेली नसते, क्रम बदललेला असतो. 'शिका, संघटित व्हा, संघर्ष करा' आपण असं म्हणतो. बाबासाहेब 1942 साली नागपूरच्या परिषदेत इंग्रजीत जे बोलले त्यात शिकण्याच्या पाठोपाठ चेतवणं येतं आणि संघटित होणं शेवटी. लगेच पुढं ते म्हणतात की स्वतःवर विश्वास ठेवा. मला हा क्रम फार उपयोगाचा वाटतो. शिकलेल्या माणसाच्या डोक्यात आधी काहीतरी पेटायला हवं, मग माणसं जमतात. नुसती माणसं जमवून काय होतं, ते आमच्या सोसायटीच्या बैठकीत दर महिन्याला दिसतं.

पुढची ओळ शोधायची कशी? तुकाराम गाथेच्या बहुतेक आवृत्त्यांत शेवटी अभंगांची सूची असते, पण ती अभंगाच्या पहिल्या शब्दावरून. तुमच्याकडे शेवटची ओळ असेल तर सूची कामाला येत नाही. अशा वेळी गावातल्या भजनी मंडळात जावं. टाळ बाजूला ठेवून कुणीतरी अख्खा अभंग म्हणून दाखवतं, वर चहा मिळतो. दासबोधात वीस दशक, प्रत्येक दशकात दहा समास, त्यामुळे दशक, समास, ओवी असे तीन आकडे मिळाले की ओवी लगेच सापडते. मनाचे श्लोक एकूण 205, एका बैठकीत वाचून होतात. माणसाबद्दल किंवा ग्रंथाबद्दल शंका असली तर मराठी विश्वकोश बघावा. त्याचं काम वाईत झालं, आपल्याच जिल्ह्यात, आणि आता तो मोबाईलवरही वाचता येतो. नगरवाचनालयातल्या ग्रंथपालांना विचारायला संकोच करू नका, असा प्रश्न घेऊन कुणी आलं की त्यांना बरं वाटतं.

चौथं काम: नाव तपासा

एकदा पतसंस्थेच्या कॅलेंडरवरून एक ओळ उचलून मी खाली एका संताचं नाव घातलं, कारण कॅलेंडरवर तसंच होतं. मुख्याध्यापकांनी सहज विचारलं, "कुठल्या अभंगातलं?" तीन संध्याकाळी वाचनालयात घातल्या. सापडलं नाही. चौथ्या दिवशी नाव पुसलं, ओळ ठेवली.

एक सोपी खूण सांगतो. सतराव्या शतकातल्या माणसाच्या तोंडी 'सकारात्मक दृष्टिकोन', 'कम्फर्ट झोन', 'यशाचे रहस्य' असले शब्द आले की समजा, कुणीतरी कालपरवा लिहून खाली थोर नाव चिकटवलंय. काही वेळा नाव खोटं नसतं, पण मूळ त्याहून मागं असतं. विवेकानंदांनी घरोघर पोचवलेलं 'उठा, जागे व्हा' हे कठोपनिषदातल्या 'उत्तिष्ठत जाग्रत प्राप्य वरान्निबोधत' यावरून आलंय. मुळात तिथं ध्येय गाठेपर्यंत थांबू नका असं नाही. थोरांपाशी जा आणि समजून घ्या, असं आहे. दोन्ही अर्थ चांगले. पण गुरू शोधायला सांगणारं वाक्य वेगळं आणि धावायला सांगणारं वेगळं, आणि तुमच्या दुखण्यावर त्यातलं एकच लागू पडेल.

नाव सापडलं नाही म्हणून चांगलं वाक्य टाकू नका. म्हणींना कुठं कर्ता आहे? नाव तेवढं खोडा.

पाचवं काम: हातानं लिहा, जिथं ठेच लागते तिथं लावा

जुन्या लग्नपत्रिकांच्या कोऱ्या बाजू यासाठी उत्तम. कागद जाड, शाई फुटत नाही, आणि पत्रिका प्रत्येक घरात साठलेल्या असतात. वहीत लिहिलेला सुविचार वहीतच राहतो, म्हणून चिठ्ठी करा. देवघराजवळ किंवा दिवाणखान्यात लावू नका, तिथं तो पाहुण्यांसाठी होतो. पोरावर आवाज चढत असेल तर चिठ्ठी अभ्यासाच्या टेबलावर, तुमच्या बाजूला. खर्च आवरत नसेल तर पाकिटात, कार्डाच्या पुढं, म्हणजे कार्ड काढताना ती आधी हातात येईल. सकाळी उठवत नसेल तर बुटात.

आमच्या स्वयंपाकघरात दुधाचा हिशेब ज्या कॅलेंडरवर असतो, त्याच्या कडेला मी 'थेंबे थेंबे तळे साचे' लावलं होतं. दोन दिवसांनी खाली पेन्सिलीनं सौ.नी लिहिलेलं दिसलं: 'आणि गळतंय कुठं तेही बघा'. माझ्या चहा-भज्यांचा खर्च त्यांच्या लक्षात होता. ही पुढची ओळ कुठल्याच ग्रंथात नाही, पण त्या महिन्यात तिनंच काम केलं. घरातल्यांना चिठ्ठीखाली लिहायची मुभा द्या, एवढं यावरून सुचवतो.

सहावं काम: वाक्याला एक काम बांधा

चिठ्ठीच्या मागच्या बाजूला तीन गोष्टी लिहा: काय करणार, किती, केव्हा. एवढंच.

स्पर्धा परीक्षेची तयारी करणारा एक माजी विद्यार्थी गणितापाशी अडकला होता. त्यानं तुकोबांचं 'ओलें मूळ भेदी खडकाचें अंग' निवडलं. मी त्याला आधी अजिंक्यताऱ्यावर नेलं. तटाच्या दगडी सांध्यातून पिंपळाचं रोप आलेलं असतं, तसं एक दाखवलं. मूळ जिथं दिसतं तिथं ते बोटाच्या नखानं खुडता येईल इतकं मऊ असतं, आणि तरी दगड सरकलेला असतो. याच अभंगात पुढं आहे 'दोरें चिरा कापे पडिला कांचणी', म्हणजे घासून घासून दोर दगड कापतो. ज्यांच्या गावात जुना आड आहे त्यांनी काठाच्या दगडावर हात फिरवून बघावा, पोहऱ्याच्या दोराच्या खाचा बोटाला लागतात. त्या पोरानं चिठ्ठीमागं लिहिलं: 'पाच गणितं, सातच्या आत, चहाच्या आधी'. पहिल्या आठवड्यात तीन दिवस जमलं, चार दिवस नाही. त्यानं वाक्य बदलायचं म्हटलं. मी म्हटलं, वाक्य राहू दे, पाचाची तीन कर.

रविवारी चिठ्ठी काढून बघायची. काम झालं असेल तर आणखी एक आठवडा ठेवायची किंवा नवीन घ्यायची. अजिबात झालं नसेल तर आधी काम लहान करा. तरीही नाही झालं, तर दुखणं चुकीचं लिहिलंय, दुसऱ्या कामाकडं परत जा. वाचताना छान वाटलं की नाही, हे मोजू नका. छान तर सगळंच वाटतं.

ज्यांना जमेल त्यांनी वाक्याच्या गावाला जाऊन यावं

हे सक्तीचं नाही. पण आपण साताऱ्यात आहोत, फुकटचा फायदा आहे. जुन्या राजवाड्यातल्या प्रतापसिंह हायस्कूलमध्ये 7 नोव्हेंबर 1900 रोजी भिवा रामजी आंबेडकर नावाच्या मुलाचा प्रवेश झाला, आणि तोच दिवस आता राज्यात विद्यार्थी दिवस म्हणून पाळतात. 'शिका' हा शब्द तिथं उभं राहून वाचला की वेगळा लागतो, कारण शिकायला बसायचं कुठं, हाच प्रश्न ज्याच्यापुढं होता त्या मुलाचा तो शब्द आहे. सज्जनगडाच्या पायऱ्या चढताना मनाचे श्लोक पाठ करून बघा. भुजंगप्रयात वृत्ताची लय पावलाला बरोबर बसते, दम लागला की चरणापाशी थांबता येतं.

आणि रयत शिक्षण संस्थेचं ब्रीद, 'स्वावलंबी शिक्षण हेच आमचे ब्रीद'. वडाच्या झाडाखाली ही अक्षरं आपण इतकी पाहिलीत की आता दिसत नाहीत. भाऊराव पाटलांनी 1919 साली कराड तालुक्यातल्या काले गावी संस्था सुरू केली आणि 1924 मध्ये ती साताऱ्याला आली. वसतिगृहात सगळ्या जातींची पोरं एकत्र राहायची, एकत्र जेवायची, स्वतः राबायची. आणि घरात धान्य संपलं तेव्हा भाऊरावांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने, शेवटी मंगळसूत्रसुद्धा, पोरांच्या जेवणासाठी दिलं. या ब्रीदाची न लिहिलेली ओळ ती आहे. पोरांनी स्वावलंबी व्हावं म्हणून आधी कुणीतरी आपलं सगळं दिलेलं असतं. हे ठाऊक झाल्यावर 'स्वतःच्या पायावर उभा राहा' असं कुणाला सांगायच्या आधी मी जरा थांबतो.

शेवटचं: कधी सुविचार पाठवू नये

नवशिके इथं हमखास चुकतात, कारण नवीन वाक्य सापडलं की ते वाटावंसं वाटतं. मयताच्या घरी, पेशंटच्या उशाशी, नापास झालेल्या पोराला निकालाच्या दिवशी, सुविचार देऊ नये. आणि एखाद्याला आठवडेच्या आठवडे झोप नाही, जेवण जात नाही, जगण्यात राम नाही असं तो म्हणतोय, तर त्याला वाक्य नको, डॉक्टर हवा. सरकारची टेलिमानस ही फोनसेवा 14416 या नंबरावर फुकट आहे, मराठीतही बोलता येतं. तो नंबर लिहून द्या, जमलं तर शेजारी बसून लावून द्या.

2019 च्या ऑगस्टात कृष्णेचं पाणी सांगलीत शिरलं तेव्हा माझ्या मेहुणीच्या घराचा तळमजला बुडाला होता. पाणी उतरल्यावर आम्ही गेलो. कपाटाच्या वरच्या फळीपर्यंत गाळाची रेघ, गाद्या फुगून दाराबाहेर टाकलेल्या, आणि तिचा मोबाईल सारखा वाजत होता. 'प्रत्येक रात्रीनंतर सकाळ होते.' 'संकटे माणसाला घडवतात.' ती एका हातानं फोन बघत होती आणि दुसऱ्या हातात मुलीची दहावीची मार्कलिस्ट धरून होती, भिजून पापडासारखी झालेली. त्यातला एक मेसेज आदल्या रात्री मीच पाठवला होता.

मी काही बोललो नाही. गाडीतून फिनेलचा कॅन आणि खराटे काढले. संध्याकाळपर्यंत दोन खोल्यांची फरशी दिसायला लागली, तिसरीत अजून घोट्याएवढा गाळ होता. सौ.नी मार्कलिस्ट वर्तमानपत्राच्या घडीत घालून माडीवर उन्हात ठेवली आणि वर वीट ठेवली.